डाव्या पंखाचं कापड

राग कसा जपावा हे शिकायचं असेल, तर पवनीच्या चंद्रकलेकडे जावं. भांडण तिला जमत नसे. नळावर कुणी तिची बादली मागं सरकवली तरी ती गप्प उभी राही. पण एक राग तिनं तीन वर्षं सांभाळला होता आणि एक दिवसही थंड होऊ दिला नव्हता. तो राग होता तुमसरच्या भूषणवरचा.

भूषणची तुमसरला राइस मिल. वडील लक्ष्मणराव गेल्यावर सगळा कारभार त्याच्याकडे आला, पण त्याचा जीव अडकला होता एका जुन्या विमानात. 'पुष्पक' नावाचं हे दोन माणसांचं विमान, साठ वर्षांपूर्वीचं, एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या शेडमध्ये कबुतरांची घाण अंगावर घेत पडलं होतं. भूषणनं ते ट्रकवर घालून आणलं, मिलमागच्या शेडमध्ये ठेवलं आणि त्याच्यासाठी धानाच्या सहा बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, मोडून धावपट्टी केली. लोक हसले. भूषणला लोक हसलेले चालत नसत, त्यामुळं त्याचा हट्ट दुप्पट झाला.

असल्या विमानाचा पंख म्हणजे आत फासळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. कापडावर एक रसायन थरावर थर चढवतात, म्हणजे ते ताठ होतं आणि वारा धरतं. हे कळल्यावर भूषण पवनीला आला, विणकरांच्या गल्लीत चौकशी केली, आणि सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, सेवकराम. सेवकराम म्हणजे चंद्रकलेचा नवरा. त्यानं दीड वर्ष माग चालवून ते कापड विणलं. असं बारीक आणि घट्ट, की पाणी ओतलं तर जरा विचार करून खाली उतरावं.

विणण्याआधी सुताला तांदळाची खळ लावतात, त्यानं धागा तुटत नाही. पण विमानाच्या कापडात खळीचा कणही राहून चालत नाही. राहिला तर रसायन आत मुरत नाही, नुसतं वर बसतं, आणि वर्षभर ऊन खाल्लं की पापुद्र्यागत सुटतं. सेवकरामनं सगळं कापड चारदा उकळून धुतलं आणि दर वेळी जिभेला लावून पाहिलं. खळ असली तर कापड जिभेला चिकटतं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून हसायच्या, की सेवकराम कापड विकतो का खातो.

कापड फासळ्यांना बांधायचं काम चंद्रकलेनं केलं. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा, आणि दर दोन बोटांवर एक गाठ. एका पंखात तेरा फासळ्या, एका फासळीला अठ्ठावीस गाठी. तिनं उजवा पंख पुरा केला आणि मुलीच्या, हर्षाच्या, बाळंतपणात अडकली. तीन महिन्यांनी परत येऊन पाहते तर डावा पंख कुणीतरी बांधून, रंगवून तयार होता. "दुसऱ्याकडून करून घेतलं काकू, तुमच्याच कापडानं," भूषण म्हणाला. तिला वाईट वाटलं, पण त्याचं विमान, त्याची घाई. तिनं मनावर घेतलं नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात त्या डाव्या पंखाचं कापड हवेतच फाटलं. भूषणनं कसंबसं विमान एकोडीच्या शिवारात, कापून झालेल्या धानाच्या बांधीत उतरवलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, जीव वाचला. आठवड्यानं हात झोळीत घालून त्यानं मिलच्या अंगणात लोक गोळा केले, पत्रकार बोलावले, सेवकरामला निरोप धाडला. सेवकराम बिचारा भूषणची तब्येत पाहायला म्हणून आला, सोबत पपई घेऊन. भूषणनं फाटक्या कापडाचा गोळा त्याच्या अंगावर फेकला.

"हे तुमचं कापड, काका. यानं मले मारलं असतं."

सेवकरामनं कापड उचललं, बोटांनी चुरगाळलं, मग सगळ्यांसमोर कोपरा जिभेला लावला. कुणीतरी फिसकन हसलं.

"हे माह्यं नाही," तो म्हणाला. "याच्यात खळ आहे."

"आता असंच म्हनसान तुम्ही," भूषण म्हणाला, आणि अंगण हसलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, हातमागाच्या कापडानं दगा दिला. तो कापडाचा गोळा त्याच संध्याकाळी मिलच्या भट्टीत गेला, आणि पुरावा म्हणून सेवकरामकडे उरली फक्त त्याची जीभ.

त्यानंतर सेवकरामनं माग सोडला. माणूस रडला-ओरडला असता तर चंद्रकलेला बरं वाटलं असतं. तो नुसता घरात बसून राहिला. चौकात चहाला जाईना, कारण चौकात एकदा कुणीतरी शर्टाची बाही पुढं करून विचारलं होतं, हे चाटून सांगा बरं किती दिवस टिकेल. तीन वर्षं तो दारातून बाहेर बघत नव्हता. चंद्रकलेनं दुसऱ्यांच्या मागावर काम धरलं आणि वाट पाहिली. कशाची, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस भूषणच तिच्या दारात आला.

झालं असं, की नागपूरहून विमान तपासायला येणारा सुगत नावाचा इंजिनीअर होता. त्याच्या सहीशिवाय पुष्पक उडवता येत नव्हतं. त्यानं दोन्ही पंख उघडून पाहिले आणि भूषणला सरळ सांगितलं, ज्यानं उजवा पंख बांधला त्यानंच दोन्ही बांधायचे, नाहीतर मी सही करणार नाही. म्हणून भूषण आला. मान खाली वगैरे अजिबात नाही. आतल्या खोलीत सेवकराम पाठ करून बसलेला दिसत होता, तरी भूषण मोठ्यानंच बोलला.

"कापड यावेळी विदेशातून मागवलं आहे, काकू. त्याची चिंता नाही. तुम्ही फक्त गाठी माराच्या."

चंद्रकलेनं एकदा आतल्या खोलीतल्या त्या पाठीकडे पाहिलं. ती म्हणाली, "येते."

ती तुमसरला हर्षाकडे राहायला गेली आणि रोज मिलमागच्या शेडमध्ये जाऊ लागली. पंख घोडीवर उभा केलेला. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मदतीला रिता नावाची बाई. सुई इकडून जायची, तिकडून यायची. तीन वर्षांत हात काही विसरला नव्हता. भूषण अधूनमधून येऊन मोबाइलवर फोटो काढून जायचा आणि मित्रांना सांगायचा, बघा, आपण लोकल टॅलेंटला चान्स देतो. हे ऐकून तिनं सुई जरा जोरात ओढली.

डाव्या पंखाच्या तिसऱ्या फासळीशी ती आली आणि थांबली. ही फासळी इंजिनाच्या पंख्याच्या वाऱ्यात येते, सगळ्यात जास्त मार हिला. तिनं त्या दिवशी इथं अठ्ठावीस गाठी खोट्या मारल्या. वरून पाहिलं तर अगदी खऱ्यासारख्या, पण ताण आला की दोरा सरकन निसटावा अशा. पलीकडच्या रिताला पत्ताही लागला नाही. घरी जाऊन ती नीट जेवली, नातवाला भरवलं, हर्षानं विचारलं तर म्हणाली काम चांगलं चाललं आहे. मरू दे मेल्याला, एवढंच तिच्या मनात होतं, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

सकाळी भांडी घासताना तिला पुढचं दिसलं. भूषण मेला, की पेपरात काय येईल? पुन्हा सेवकरामच्याच घरचं काम सुटलं. आधी नवऱ्याचं कापड, आता बायकोच्या गाठी. आणि डाव्या पंखावर तेव्हा कुठलं कापड होतं, हे ज्या एका माणसाला माहीत आहे तो गोष्ट घेऊन सरणावर जाईल. तिनं हातातला तवा तसाच टाकला. भूषण जिवंत पाहिजे होता. जिवंत, आणि बोलता.

शेडमध्ये जाऊन तिनं तिसऱ्या फासळीचा सगळा दोरा कापून काढला. रितानं विचारलं काहून, तर म्हणाली मेण कमी झालं होतं. मग तिनं तिथं अठ्ठावीस गाठी अशा मारल्या, की तशा जन्मात मारल्या नव्हत्या.

उड्डाणाचा दिवस ठरला. भूषणनं धावपट्टीशेजारी मांडव घातला, अख्ख्या तुमसरला आमंत्रण दिलं, तेच पत्रकार पुन्हा बोलावले. जमिनीवरच्या रेडिओला त्यानं लाउडस्पीकर जोडून घेतला, वरून लोकांशी बोलता यावं म्हणून. हौस दांडगी. आणि आदल्या दिवशी त्यानं चंद्रकलेला एक अट घातली.

"उद्या माझ्या बाजूच्या सीटवर तुम्ही बसाचं, काकू. गाठी तुमच्या, तर जीव बी तुमचा पाहिजे ना."

सुगतनं नियम सांगितला, पहिल्या उड्डाणात जास्तीचं माणूस नेता येत नाही. भूषणनं हसण्यावारी नेलं. त्याला ती ओलीस पाहिजे होती. चंद्रकला एका क्षणात हो म्हणाली, तेव्हा तो जरा चमकलाच.

सकाळी नऊला विमान धावपट्टीवर आलं. चंद्रकला हिरवं लुगडं नेसून, कानावर हेडफोन लावून, बाजूच्या सीटवर बसली. विमान धडधडत पळालं आणि चाकं जमिनीवरून सुटताच धडधड एकदम थांबली. खाली बांध्या, बांध्यांमधल्या बोड्यांचं, लहान तळ्यांचं, पाणी, राइस मिलच्या चिमण्या, दूर वैनगंगा. फार सुंदर होतं ते. आपण कशासाठी आलो हे ती काही क्षण विसरली, याचा तिला नंतर राग आला.

भूषण बटण दाबून खालच्या लोकांशी बोलत होता. तुमसरवासीयांनो, असं आहे, तसं आहे. बोलून झाल्यावर त्यानं बटण सोडलं आणि तिच्याकडे पाहिलं. "कसं वाटून राहिलं, काकू?"

"भूषणभाऊ," ती म्हणाली, "एका पंखात म्या एक फासळी खोट्या गाठींनी बांधली."

तो हसला. मग तिचं तोंड पाहून हसायचा थांबला.

"मजाक करता का?"

"तीन वर्षं झाली, माह्या घरचं मानूस दाराबाहेर पाहत नाही. मले मजाक सुचत नाही. सरळ चाललं तवर काही नाही होत. वळलं की त्या पंखावर जोर येते. मंग गाठी सरकतीन."

"तुम्ही बी मरसान."

"मी तर बसलीच आहे ना इथं. मले विचारून बसवलं तुम्हीच."

परत उतरायचं म्हणजे वळायला हवं. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हा प्रश्न पायलटला एरवी पडत नाही. भूषणनं डावीकडे मान वळवून पंख पाहिला, उजवीकडे पाहिला. कापडाचा किंचित थरथराट सगळ्याच पंखांना असतो, पण आज त्याला तो दोन्हीकडे दिसू लागला. दांडा धरलेली बोटं पांढरी पडली. विमान सरळ चाललं होतं, तुमसर मागं पडत होतं.

"कोनता पंख?" त्यानं विचारलं.

"आधी खाली सांगा. तवा डाव्या पंखावर कापड कोनाचं होतं ते सांगा. मंग मी सांगते कोन्या बाजूनं वळाचं."

त्यानं बटण दाबलं. पण पहिल्यांदा तोंडातून वेगळंच निघालं. "सुगत, अरे या बाईनं गाठी खोट्या मारल्या म्हनते. फासळी सुटनार म्हनते. का करू?" खाली मांडवात आठशे माणसं, हातातल्या पोह्याच्या प्लेटा तशाच. सुगतचा आवाज आला, घाबरू नको, वेग कमी ठेव. भूषणनं बटण सोडून तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. देवळात बसल्यागत हात मांडीवर ठेवून.

"बोला," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा बटण दाबलं, आणि या वेळी सगळं आलं. सेवकरामचं अर्धं कापड मिलच्या गोदामात उंदरांनी कुरतडलं. पुन्हा विणायला आठ महिने लागले असते. म्हणून नागपूरच्या बाजारातून तसलाच एक तागा आणला, आणि सीटकव्हर शिवणाऱ्या धनीरामकडून बांधून घेतला. तो तागा धुतला नाही. खळ आहे हे माहीत होतं. कापड जिभेला चिकटलं होतं, त्यानं स्वतः लावून पाहिलं होतं.

हे शेवटचं वाक्य चंद्रकलेनं मागितलं नव्हतं. ते ऐकून तिच्या अंगातून काहीतरी उतरलं आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी चढलं. म्हणजे अंगणात सेवकरामनं कापड जिभेला लावलं तेव्हा हा समोर उभा राहून सगळं जाणत होता. जाणत होता आणि लोकांबरोबर हसला होता.

"सांगितलं ना आता!" भूषण ओरडला. "सांगा कोनत्या बाजूनं!"

"कोन्याबी," ती म्हणाली. "सगळ्या गाठी जागेवर आहेत."

तो वळला, आधी भीत भीत, मग सरळ. विमान उतरलं तेव्हा ते तीनदा उसळलं. मांडवात टाळी एकही पडली नाही. चंद्रकला उतरली, पदर नीट केला आणि लोकांमधून चालत हर्षाकडे गेली. हर्षाच्या मोबाइलमध्ये शब्दन् शब्द आला होता, आणि तो एव्हाना पवनीला पोचलाही होता.

संध्याकाळी पवनीहून शेजारच्या धुरपताबाईचा फोन आला. म्हणाली, तुझा नवरा दुपारी इस्त्री मागत आला माझ्या घरी, तू इस्त्री कुठं ठेवतेस ते त्याला माहीत नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून चौकात गेला. तीन चहा प्यायला. कुणाशी बोलला नाही, मधल्या बाकावर बसून राहिला, आणि लोक येऊन येऊन त्याला नमस्कार करत होते. चंद्रकलेनं फोन ठेवला आणि तेव्हा ती रडली, चांगली हमसून हमसून.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी सुगतनं तिला शेडमध्ये बोलावलं. माणूस भला, त्याला बोलायला जड जात होतं.

"ताई, रेडिओवर सगळ्यांनी ऐकलं की गाठी खोट्या आहेत. माझ्या कागदावर ते आलं. आता उघडून पाहिल्याशिवाय पुढच्या उड्डाणाला मी सही करू शकत नाही. दोन्ही पंखांचं कापड कापावं लागेल."

"म्या खोटं सांगितलं होतं."

"मला पटतं. कागदाला पटत नाही."

चंद्रकलेनं पंखांकडे पाहिलं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. सातशे अठ्ठावीस गाठी, एकसारख्या अंतरावर, ताणलेल्या कापडाखाली ओळीनं उठलेल्या. हे आपण आपल्या तोंडानं खोटं ठरवलं, हे तिला आत्ता कळलं, आणि फार लागलं. पलीकडे भूषण उभा होता, दाढी वाढलेली. तो म्हणाला, "काकू, माह्यं चुकलं. पन हे कापड कापलं तर पुन्हा बांधाले कोन येईन? तुम्ही लिहून द्या ना सुगतले. तुमच्या पाया पडतो."

तो खरंच वाकू लागला. तिला वाटलं होतं की हे पाहून आपल्याला बरं वाटेल. वाटलंही, पण पोट भरलं नाही. तिला आठवला तो हसणारा भूषण, खळीची चव स्वतःच्या जिभेला माहीत असलेला.

सुगतच्या हातात पातं होतं. तिनं हात पुढं केला.

"द्या इकडं. माह्यं काम दुसऱ्यानं नाही कापाचं."

तिनं डाव्या पंखाच्या पहिल्या फासळीशी पातं टेकवलं आणि एका ओढीत कापड चिरलं. ताण सुटल्याचा आवाज शेडभर झाला. तिनं कापड दोन्ही हातांनी बाजूला केलं आणि भूषणला जवळ बोलावलं.

"या. मोजा. एक."

"काकू, राहू द्या."

"ओढून पाहा. निसटते का?"

त्यानं ओढून पाहिलं. गाठ हलली नाही. "दोन," ती म्हणाली. "ओढा." तो ओढत गेला. तिसऱ्या फासळीशी तिचा हात जरा थांबला, मग तिनं तीही चिरली, आणि त्या अठ्ठावीसही त्याला एकेक करून ओढायला लावल्या. कापडाच्या पट्ट्या खाली पडत होत्या, तिच्या पायाशी त्यांचा ढीग होत होता, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही.

पाचव्या फासळीला भूषण खाली बसला. चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाला, "बस करा. मले पटलं. सगळ्या खऱ्या आहेत."

"उठा," चंद्रकला म्हणाली. "अजून आठ राहिल्या. मंग उजवा पंख."

आणि तिनं सहावी फासळी चिरली.